गालफडातला घोट

भोरहून रायरेश्वराकडे निघालं की दहा-बारा किलोमीटरवर आंबवडे लागतं. पुण्यामुंबईची माणसं इथे थांबतात ती ओढ्यावरच्या झुलत्या पुलासाठी. भोर संस्थानच्या काळातला हा पूल ओलांडला की गर्द झाडीत नागेश्वराचं देऊळ आहे. कान्होजी जेध्यांची समाधीही याच गावात. पुलावर फोटो काढताना एखादं कुत्रं पायात घुटमळतं आणि ‘हाड’ म्हणून बाजूला हाकललं जातं. त्या कुत्र्याला घर असतं, नाव असतं (बहुधा मोती, वाघ्या नाहीतर राजा) आणि ते आजारी पडलं तर त्याला औषध पाजायची जबाबदारी घरातल्या कुणावर तरी येते. सासूवर, सुनेवर, सुट्टीला आलेल्या नातवावर. भोर-वेल्ह्याच्या डोंगरात हे काम घरोघर चालतं आणि बऱ्याच घरांत ते चुकीच्या पद्धतीनं चालतं. त्यामागे माया कमी असते असं मुळीच नाही. गुरांना औषध पाजायचा सराव दांडगा असतो, चूक तिथून सुरू होते.

इथलं कुत्रं शोभेचं नसतं. भाताच्या खाचरात रानडुकरं शिरली की तेच पहिलं ओरडतं. शेळ्या चरायला निघाल्या की मागे तेच असतं, आणि बिबट्या आला तर त्याच्या तोंडीही बहुतेकदा तेच जातं. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा बिबट्याच्या आहारात वजनाच्या हिशेबानं सर्वांत मोठा वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला, ३९ टक्के. शेळ्यांचा वाटा त्याहून बराच कमी. राखण करणाऱ्याला पगार नसतो, वर त्याच्याच जिवावर बेततं. अशा कुत्र्याचा जबडा हे त्याचं हत्यार. तो आपण होऊन उघडून द्यायचा आणि माणसानं त्यात कडू काहीतरी ओतायचं, ही मागणी कुत्र्याच्या बाजूनं पाहिली तर मोठीच आहे.

पावसाळ्यात आणि तो सरतासरता गोचिडी वाढतात. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीच्या बुडाशी त्या चिकटून बसतात आणि त्यांच्यामार्फत कुत्र्याला ताप येतो. गावात त्याला गोचीड ताप म्हणतात. डॉक्टरांच्या भाषेत तो कधी एर्लिकिया असतो, कधी बबेसिया. एक पांढऱ्या पेशींत घर करतो, दुसरा तांबड्या पेशी फोडतो. लक्षणं मात्र अंगणातून पाहणाऱ्याला सारखीच दिसतात: कुत्रं खात नाही, उठत नाही, हिरड्या पांढुरक्या पडतात, क्वचित नाकातून रक्त येतं. एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन देतात आणि ते साधारण चार आठवडे चालवावं लागतं. गोळी भाकरीत दडवून चारायची सोय असते ती खाणाऱ्या कुत्र्याची. ज्यानं तोंडच फिरवलंय त्याच्यासाठी, आणि पिल्लांसाठी, पातळ औषधाची बाटली घरात येते. पडवीतल्या कोनाड्यात उदबत्तीच्या पुड्याशेजारी ती उभी राहते. सोबत सुई काढलेली पाच मिलिलिटरची प्लास्टिकची सिरिंज. चार-सहा वेळा धुतल्यावर सिरिंजवरचे आकडे पुसट होऊ लागतात, म्हणून कुणी नखपॉलिशनं हव्या त्या रेघेवर खूण करून ठेवतं. ही युक्ती कुठल्याही माहितीपत्रकात नसते आणि ती उत्तम आहे.

आता सराव म्हणजे काय ते पाहू. बैलाचं पोट फुगलं की गोडेतेलात हिंग कालवून पाजणं हा पिढ्यान्‌पिढ्यांचा उपाय. एकानं वेसण धरून तोंड वर करायचं, दुसऱ्यानं बांबूची नळी नाहीतर काचेची बाटली ओठाच्या कोपऱ्यातून आत सारायची आणि तेल ओतायचं. ज्याला हे जमतं त्याला वाडीवाडीतून बोलावणं येतं. तोच हात मग कुत्र्याकडे वळतो. कुत्रं दोन गुडघ्यांत दाबायचं, नाकाड आभाळाकडे करायचं, वरचा-खालचा जबडा फाकवायचा आणि चमचा थेट जिभेच्या मुळाशी रिकामा करायचा. काम अर्ध्या मिनिटात उरकतं. बघणारे म्हणतात, झालं, प्यायलं.

कधी कधी ते प्यायलेलं नसतं, श्वासाबरोबर आत ओढलेलं असतं. मान ताणून वर केली की कुत्र्याला गिळणं अवघड होतं आणि श्वासनलिकेचं तोंड नेमकं जिभेच्या मागेच असतं. धाकानं धापा टाकणारं कुत्रं त्याच क्षणी श्वास घेतं आणि ओतलेलं औषध फुप्फुसाच्या वाटेला लागतं. त्यातून होणारा न्यूमोनिया लगेच दिसत नाही. एक-दोन दिवसांनी कुत्रं जास्तच मलूल होतं, श्वास जोरात चालतो, ताप चढतो. तोवर पाजल्याची घटना कुणाच्या ध्यानातही नसते. घरात म्हणतात, गोचीड तापानं गेलं. चूक पुराव्यासकट नाहीशी होते, म्हणूनच ती पुढच्या पावसाळ्यात पुन्हा होते. तेल तर याहून वाईट. त्याला चव नसते, घशात खवखवत नाही, त्यामुळे ठसकासुद्धा न लागता ते खाली उतरतं. बद्धकोष्ठ झालं म्हणून कुत्र्याच्या घशात तेल नाहीतर लिक्विड पॅराफिन ओतणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवं. आणि खरं सांगायचं तर, तोंड फार वर करून पाजलेल्या गुरांनाही हाच न्यूमोनिया होतो. बैलाचा देह मोठा, म्हणून तो बऱ्याचदा निभावून नेतो, एवढंच.

कुत्र्याच्या तोंडात निसर्गानं दुसरी जागा करून ठेवली आहे. ओठाच्या कोपऱ्यापाशी गाल आणि दाढा यांच्यामध्ये एक सैल खिसा असतो. बोट घालून पाहिलं तर कळतं, गालफड बाहेर ताणलं की तिथे सहज घोटभर पाणी मावेल. औषध जायचं ते इथे. जबडा उघडायची गरजच नाही. दात मिटलेले राहतात, औषध दाढांच्या फटींतून जिभेवर झिरपतं आणि कुत्रं ते आपल्या गतीनं गिळतं.

जाणता हात हे असं करतो. कुत्र्याच्या समोर न बसता तो बाजूला बसतो, कारण समोरून वाकणारा माणूस कुत्र्याला अंगावर आल्यासारखा वाटतो. कुत्र्याचा मागचा भाग भिंतीच्या कोपऱ्याला लागलेला असतो, म्हणजे त्याला मागे सरकता येत नाही आणि धरून ठेवायला जोर लागत नाही. डावा हात हनुवटीखाली, मान जमिनीला समांतर, फार तर किंचित वर. उजव्या हातातली सिरिंज सुळ्याच्या मागून, ओठाच्या कोपऱ्यातून गालफडात. दट्ट्या दाबायचा तो थोडासा, एखाद मिलिलिटर जाईल इतकाच. मग थांबायचं. गळ्याची घाटी वरखाली झाली, जीभ बाहेर येऊन नाक चाटलं, म्हणजे घोट गेला. मग पुढचा. पाच मिलिलिटरला एखाद-दीड मिनिट लागतं. घाई फक्त माणसाला असते. ठसका लागला तर लगेच सोडायचं, मान खाली करू द्यायची. तोंडातून फेस आला म्हणून घाबरायचं नाही. मेट्रोनिडाझोलसारखी औषधं इतकी कडू असतात की कुत्रं लाळ गाळून ती धुऊन काढू पाहतं. तो चवीचा निषेध असतो, विषबाधा नसते. कुत्र्याच्या जिभेवर चवीचे कोंब साधारण १,७०० आणि माणसाच्या जिभेवर नऊ हजारांच्या आसपास, असं पुस्तकं सांगतात. पण कडू ओळखायला तेवढे पुरतात.

एकनाथांची गोष्ट महाराष्ट्रात सगळ्यांना ठाऊक आहे. काशीहून रामेश्वराला नेत असलेली गंगेची कावड त्यांनी वाटेत तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी रिकामी केली. कथेचा भर नाथांच्या करुणेवर असतो आणि तो योग्यच. पण नाथांचं काम एका अर्थी सोपं होतं. गाढव तहानलेलं होतं, त्याला पाणी हवं होतं. औषधाच्या बाबतीत पाजणाऱ्याला हवं असतं आणि पिणाऱ्याला नको असतं. शिवाय ते एकदाच पाजून भागत नाही, सकाळ-संध्याकाळ चार आठवडे पाजायचं असतं. पहिल्या दिवशी दांडगाई करून भागतं. तिसऱ्या दिवशी कोनाड्याकडे हात गेला की कुत्रं गोठ्यामागे पसार होतं, आणि पाचव्या दिवशी ज्या सुनेच्या मागे ते विहिरीपर्यंत जायचं तिलाच बघून गुरगुरतं. उपचार तिथेच तुटतो. औषध वाईट म्हणून नव्हे, हाताची पत गेली म्हणून.

म्हणून शहाण्या घरात सिरिंज औषधाआधी येते. कुत्रं धडधाकट असतानाच तिच्यातून थोडं ताक, नाहीतर मीठ-मसाला न घातलेलं कोंबडीचं पाणी गालफडात सोडायचं. चार-आठ दिवसांत कुत्रं ती नळी दिसली की आपण होऊन जवळ येतं. पिल्लांना जंताचं औषध तसंही पंधराव्या दिवसापासून, पुढे दर पंधरवड्याला, तीन महिन्यांचं होईपर्यंत द्यायचं असतं. ते पातळच असतं आणि बेताचं गोड. शिकवणीला याहून चांगला मुहूर्त नाही.

भांड्यात कालवून द्यावं, हा सगळ्यांना सुचणारा सोपा मार्ग. त्यात अडचण अशी की कुत्र्यानं निम्मं टाकलं तर औषध किती गेलं याचा हिशेब लागत नाही. दुधात कालवलं तर आणखी एक खोच आहे. टेट्रासायक्लिन कुळातली औषधं दुधातल्या कॅल्शियमला चिकटतात आणि अंगी कमी लागतात. डॉक्सिसायक्लिनला याची झळ इतरांपेक्षा कमी बसते, पण बसते. जत्रेच्या मटणाच्या रश्शात कालवायचं तर त्यात कांदा-लसूण वाटून घातलेला. कांदा कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो. बबेसियानं आधीच पेशी फोडलेल्या कुत्र्याला प्रेमानं रस्सा-भाकरी घालणं म्हणजे रोगाला हातभार लावणं.

मोजमापाचं तर विचारूच नये. घरातले चमचे सगळे निरनिराळे. कुणाचा चहाचा चमचा तीन मिलिलिटरचा, कुणाचा सहाचा. दुकानातून बाटलीबरोबर मिळणारं टोपण माणसाच्या मापाचं. आणि सगळ्यांत मोठा अडसर म्हणजे कुत्र्याचं वजन कुणालाच माहीत नसतं. डोस ठरतो तो किलोवर. ‘मोठंय चांगलं’ हे वजन डॉक्टरांच्या कामाचं नाही. उपाय मात्र सोपा आहे. भाताची पोती मोजायचा काटा बऱ्याच घरांत असतो. त्यावर कुत्र्याला उचलून माणसानं उभं राहायचं, मग एकट्यानं, आणि वजाबाकी करायची. प्रतिजैविकाची भुकटी असलेली बाटली आली तर तीत उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घालायचं, दर वेळी हलवून घ्यायची आणि लेबलवर सांगितलेल्या दिवसांनंतर उरलेलं फेकून द्यायचं. मागच्या वर्षीची अर्धी बाटली यंदाच्या कुत्र्यासाठी जपून ठेवणं ही काटकसर नव्हे.

पोरांसाठी आणलेली बाटली कुत्र्याला, हा तर सर्रास चालणारा प्रकार. पोराच्या तापाचे पॅरासिटामॉलचे थेंब एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅमचे मिळतात आणि सिरप पाच मिलिलिटरला १२० मिलिग्रॅमचं, म्हणजे थेंब चौपटीहून जहाल. दोन्ही बाटल्या लाल-गुलाबी, दोन्हींवर तेच नाव. पॅरासिटामॉल कुत्र्याच्या यकृताला घातक ठरू शकतं, आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक पोटात व्रण पाडतात, मूत्रपिंडं निकामी करतात. खोकल्याचं ‘शुगर फ्री’ औषध निरुपद्रवी वाटतं. त्यात गोडीसाठी झायलिटॉल असेल तर कुत्र्याच्या रक्तातली साखर झपाट्यानं खाली येते आणि यकृतालाही इजा होते. माणसाला काहीच न करणारी गोडी कुत्र्याचा जीव घेते.

गुरांच्या औषधांचीही तीच गत. आयव्हरमेक्टिनचा जन्म जपानमधल्या मातीत सापडलेल्या एका जिवाणूतून झाला. त्याबद्दल सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ साली नोबेल मिळालं. औषध गुणाचंच. पण गुरांसाठीच्या इंजेक्शनच्या बाटलीत ते एका मिलिलिटरला १० मिलिग्रॅम असतं. पंधरा किलोच्या कुत्र्याला खरजेसाठी डॉक्टर देतात ते अर्ध्या मिलिलिटरच्या आतबाहेर. अंदाजानं ‘दोन-तीन मिलि पाजा’ म्हणणारा शेजारी त्याला कितीतरी पट मात्रा पाजायला लावतो, आणि कोली जातीच्या काही कुत्र्यांत तर जनुकातल्या दोषामुळे थोडी मात्राही मेंदूपर्यंत पोचते. फार्महाऊसवर शहरातून आलेली अशी जातिवंत कुत्री आता भोर-वेल्ह्यातही दिसतात.

एक प्रसंग असा असतो की तेव्हा कुत्र्याच्या तोंडात हात घालायचाच नसतो. खालचा जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, पाणी समोर असून गिळता येत नाही, आवाज घोगरा झालाय. घरच्यांना वाटतं घशात हाड अडकलं. कुणी बोट घालून चाचपतं, कुणी तेल पाजून हाड खाली ढकलू पाहतं. रेबीजचं एक रूप नेमकं असंच दिसतं. ते पिसाळून चावत सुटणारं नव्हे, मुकं रूप. त्यात कुत्रं अंगावर येत नाही, उलट केविलवाणं होऊन कोपऱ्यात बसतं, आणि म्हणून जास्त माणसं त्याच्या लाळेला हात लावतात. हातावर विळ्याची ताजी चीर असेल तर चाव्याची गरज नाही. लुई पाश्चरनं ६ जुलै १८८५ रोजी नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला लस टोचली. तेव्हापासून हा रोग टाळता येतो, पण लक्षणं दिसू लागल्यावर तो आजही बरा होत नाही. जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी तिसऱ्या हिश्शाहून जास्त भारतात होतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लाळ लागली तर साबण आणि वाहतं पाणी, पंधरा मिनिटं, आणि मग थेट दवाखाना. हळद, चुना, तिखट भरणं बंद.

पाजूच नये अशी आणखी एक वेळ आहे. पिल्लाला पार्व्हो झाला की उलट्या थांबत नाहीत, रक्ताचे जुलाब होतात. हा विषाणू १९७८ साली पहिल्यांदा ओळखला गेला आणि पाहता पाहता जगभर पसरला. उलट्या करणाऱ्या पिल्लाला मीठसाखरेचं पाणी दामटून पाजलं तर तेही फुप्फुसात जाऊ शकतं. अशा वेळी पाणी शिरेतूनच द्यावं लागतं, आणि ते घरात होण्यासारखं काम नाही.

मग जायचं कुठे? मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाच्या जनावरांच्या रुग्णालयाच्या आवारात १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं. मावळातल्या माणसाला ते शतकभर आभाळाइतकंच दूर होतं. १९८८ साली क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नावाचं महाविद्यालय शिरवळला निघालं आणि नीरेपलीकडचं शिरवळ भोरकरांना तालुक्याच्या गावासारखंच जवळचं झालं. तिथे शिकणारी मुलं-मुली आणि त्यांचे शिक्षक रोज कुत्री तपासतात. मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये, गोणपाटात गुंडाळलेलं कुत्रं घेऊन जाणारी माणसं त्या रस्त्यानं दिसतात. भोरला सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना आहे, आणि फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक फुकट लागतो. डॉक्टरांकडे गेल्यावर औषध लिहून घेण्याइतकाच एक हट्ट धरायला हवा: ‘पाजायचं कसं ते एकदा हातानं करून दाखवा.’ बरेचसे डॉक्टर आनंदानं दाखवतात. चिठ्ठीवर ‘पाच मिलि, दोन वेळा’ लिहून पुढचा नंबर पुकारणारेही असतात. त्यांच्या टेबलासमोरून हलू नये.

पावसाळा तोंडावर आला की बी-बियाणं, ताडपत्र्या, गोठ्याची शाकारणी सगळं आठवणीनं होतं. त्यातच एक दिवस कुत्र्याला काट्यावर उभं करा, वजन दाराच्या पाठीमागे खडूनं लिहून ठेवा, तीन महिन्यांवरच्या प्रत्येक कुत्र्याला रेबीजची लस टोचून घ्या आणि ती दर वर्षी चुकवू नका. सुई काढलेली सिरिंज औषधाच्या दुकानात पाच-दहा रुपयांत मिळते. ती आजच आणा आणि पहिल्या दिवशी तिच्यात ताक भरा.